फोंड्यातला राज्यविचाराचा वर्ग: काय मिळतं, काय घरून न्यावं लागतं

फोंड्यात एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी राज्यविचाराचा अभ्यासवर्ग चालतो. आठ बैठका, वेळ दहा ते साडेबारा, शुल्क १,२०० रुपये, विद्यार्थ्यांना निम्मं. विषय एका वाक्यात सांगता येतो: राज्य कोसळतं, राजा मारला जातो, शहर शत्रूच्या हाती पडतं, तेव्हा विचारवंत शासनाबद्दल काय लिहू लागतात आणि का. सगळं मराठीतून. राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे विचारवंत भिंतीवरच्या तसबिरींसारखे एका रांगेत टांगलेले असतात. या वर्गात ते आपापल्या धामधुमीच्या मधोमध उभे दिसतात. शुल्क नक्की वसूल होतं. मात्र दोन दुरुस्त्या हव्यात, आणि गोव्यातल्या वर्गात असायलाच हवी अशी एक बैठक मुळात नाही.

पहिल्या दिवशी हातात एक तक्ता पडतो. वर्गाचं खरं हत्यार तेच. मोठा आडवा कागद आणि त्यावर चार रकाने: पुस्तक कधी लिहिलं, कधी छापलं, लिहिताना काय घडून गेलं होतं, काय अजून घडायचं होतं. पहिले तीन रकाने कुणालाही सुचतील. किल्ली चौथ्यात आहे. एडमंड बर्कचं फ्रेंच राज्यक्रांतीवरचं पुस्तक घ्या. गिलोटिनखाली पडणारी डोकी पाहून हादरलेल्या माणसाने ते लिहिलं, असं अनेकांच्या डोक्यात असतं. तक्ता भरला की दिसतं, पुस्तक नोव्हेंबर १७९०चं आहे. राजाचा शिरच्छेद जानेवारी १७९३मधला, दहशतीचा काळ त्यानंतरचा. म्हणजे राजा जिवंत होता आणि संविधान लिहिलं जात होतं, तेव्हाच बर्कने धोक्याची घंटा वाजवली. ते पुस्तक भाकीत म्हणून वाचावं लागतं. रूसोचं उलटं. सामाजिक करारावरचा त्याचा ग्रंथ १७६२चा, क्रांतीच्या २७ वर्षं आधीचा. त्याच्या तिसऱ्या रकान्यात क्रांती नाहीच, ती सगळी चौथ्यात जाते. त्याला क्रांतीचा तत्त्वज्ञ म्हणायचं असेल तर ती पदवी मागाहून चिकटलेली आहे, हे ध्यानात ठेवून म्हणावं.

तक्ता भरताना एक चूक सर्रास होते. तिसऱ्या रकान्यात त्या वर्षापर्यंतची सगळी युद्धं कोंबली जातात. घटना घडली एवढं पुरत नाही, तिची बातमी लेखकाच्या कानावर गेलेली असायला हवी. गोव्यातलंच उदाहरण आहे. पोर्तो शहरात उदारमतवादी उठाव झाला २४ ऑगस्ट १८२०ला. गोव्यात व्हाइसरॉय कोंदी द रिओ पार्दू याला पायउतार केलं १६ सप्टेंबर १८२१ला. मध्ये वर्षाहून अधिक काळ गेला, कारण बातमी जहाजाने येत होती. म्हणून तिसऱ्या रकान्यात घटनेची तारीख लिहून तिच्याखाली पेन्सिलने बातमी पोचल्याची तारीख लिहावी. वर्गात हे कुणी सांगत नाही, सांगायला हवं.

प्लेटोची बैठक उत्तम आहे. अथेन्स युद्ध हरलं इसवी सनापूर्वी ४०४मध्ये. त्यानंतर तीस जणांच्या टोळीने सत्ता बळकावली, आणि तिच्या म्होरक्यांत क्रिटियस हा प्लेटोच्या आईकडचा नातेवाईक होता. सुमारे आठ महिन्यांच्या त्या राजवटीत १,५०० माणसं मारली गेली, असं अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरच्या, ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ग्रंथात म्हटलं आहे. मग लोकशाही परत आली, आणि तिने ३९९मध्ये सॉक्रेटिसला विष दिलं. एका तरुणाने दोन्ही बाजूंचं राज्य पाहिलं आणि दोन्हींवरून त्याचं मन उडालं, इतपत सगळेच सांगतात. व्याख्याते पुढे जातात. न्याय म्हणजे काय यावरचा प्लेटोचा तो मोठा संवाद पिरेयस बंदरात, ढालींचा कारखाना असलेल्या केफॅलसच्या कुटुंबाच्या घरी घडतो. सुरुवातीला केफॅलसचा मुलगा पोलेमार्कस सॉक्रेटिसला वाटेत अडवतो आणि गमतीने म्हणतो, आम्ही किती जण आहोत पाहा, आमच्यापेक्षा बळकट व्हा नाहीतर इथेच थांबा. पुढे हाच पोलेमार्कस न्यायाची व्याख्या करतो: मित्राचं भलं करावं, शत्रूचं वाईट. अथेन्सच्या वाचकाला या पोलेमार्कसचं पुढे काय झालं ते ठाऊक होतं. तीस जणांच्या राजवटीने खटला न चालवता त्याला विष प्यायला लावलं. त्याचा भाऊ लिसियस निसटला, आणि पुढे त्याने कोर्टात केलेलं भाषण आज उपलब्ध आहे. त्यात जप्त केलेल्या ७०० ढाली आहेत, १२० गुलाम आहेत, आणि पोलेमार्कसच्या बायकोच्या कानांतली सोन्याची कुडी ओरबाडून घेणारा हातही आहे. संवाद आणि भाषण एकापाठोपाठ वाचून दाखवतात, तेव्हा न्यायाची ती चर्चा एकदम अंगावर येते. हसतखेळत बोलणाऱ्या त्या मंडळींत एक जण मारला जाणार आहे हे लिहिणाऱ्याला माहीत आहे, वाचणाऱ्यालाही. या अर्ध्या तासासाठी तरी वर्गाला जावं.

मॅकियाव्हेलीची बैठक ठाकठीक. १५१२ला फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराणं परत सत्तेवर आलं, मॅकियाव्हेलीची नोकरी गेली, १५१३च्या फेब्रुवारीत तुरुंग आणि हात मागे बांधून टांगण्याचा छळ झाला, त्याच वर्षी ‘राजा’वरचं ते छोटं पुस्तक लिहिलं, आणि ते छापलं गेलं १५३२ला, लेखक वारल्यावर पाच वर्षांनी. एवढं नीट येतं. पण प्रजासत्ताकावरचा त्याचा मोठा ग्रंथ दहा मिनिटांत उरकतात. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

हॉब्सला दोन बैठका दिल्या आहेत आणि त्या हव्यातच. पहिलीत चित्र पाहतात. त्याच्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथाच्या १६५१च्या आवृत्तीचं मुखपृष्ठचित्र मोठं करून भिंतीवर लावलेलं असतं: डोंगराआडून वर आलेला मुकुटधारी राक्षस, एका हातात तलवार, दुसऱ्यात धर्मदंड, आणि त्याचं धड शेकडो छोट्या माणसांचं बनलेलं, सगळ्यांची पाठ आपल्याकडे आणि तोंड राजाकडे. जवळ जाऊन बघा असं सांगतात, आणि जवळ गेल्यावरच कळतं की चिलखताचे खवले वाटतात ती माणसं आहेत. दुसरीत तारखा येतात. हॉब्स १६४०च्या अखेरीस पॅरिसला पळाला. ३० जानेवारी १६४९ला चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. १६५०पासून इंग्लंडमधल्या प्रौढ पुरुषांकडून शपथ मागितली जाऊ लागली, की राजा आणि उमरावांचं सभागृह नसलेल्या या नव्या राज्याशी मी एकनिष्ठ राहीन. राजाच्या बाजूने लढलेल्या माणसापुढचा प्रश्न अगदी व्यवहारातला होता: शपथ घेऊ की जमीनजुमल्यावर पाणी सोडू? हॉब्सचं उत्तर असं, की जो रक्षण करतो त्याची आज्ञा पाळावी, आणि रक्षण संपलं की आज्ञापालनाचं बंधनही संपतं. हे पुस्तक चालू काळातल्या गोंधळामुळे लिहिलं, असं त्याने शेवटी स्वतःच नोंदवलं आहे.

हे उत्तर गोव्यात बसून ऐकताना आपोआप जवळचं वाटतं. १९ डिसेंबर १९६१ला इथला सार्वभौम बदलला. तरी १ जुलै १८७०पासून लागू असलेली पोर्तुगीज दिवाणी संहिता १९६२च्या कायद्याने चालू ठेवली गेली आणि घरातल्या वाटण्या २०१६पर्यंत तिच्याप्रमाणे होत होत्या. राज्य बदलल्यावर जुन्या कायद्याचं बळ कुठून येतं, हा प्रश्न अगदी हॉब्सच्या अंगणातला आहे. खुद्द फोंडा तर आदिलशाही, मराठे, मोगल, सौंधेकर आणि १७६३पासून पोर्तुगीज असे धनी पाहिलेला महाल. व्याख्यात्यांनी हे बोट धरून दाखवायला हवं होतं. ते इंग्लंडमध्येच थांबतात.

याच बैठकीत एक सावधगिरी शिकवतात, ती फार मोलाची आहे. उलथापालथ झाली म्हणून अमुक विचार आला, असा सरळ हिशेब मांडू नका. इंग्लंडमधल्या त्याच यादवी युद्धातून, त्याच राजवधानंतर, आठ वर्षांच्या आत तीन वाटा फुटल्या. हॉब्सने १६५१ला अविभाज्य सार्वभौमत्व मांडलं. विन्स्टन्लीने १६४९च्या एप्रिलमध्ये सरे परगण्यातल्या टेकडीवर पडीक जमीन सामाईक म्हणून खणायला घेतली आणि १६५२ला खासगी मालकी नसलेल्या राज्याचा आराखडा छापला. हॅरिंग्टनने १६५६ला सांगितलं की सत्ता जमिनीच्या मागून चालते, म्हणून जमिनीच्या मालकीवर मर्यादा घाला आणि पदं आळीपाळीने फिरवा. एकच धक्का आणि तीन उत्तरं! धक्का प्रश्न टोकदार करतो. उत्तर माणूस कुठे उभा आहे त्यावर ठरतं: परदेशात आसरा घेतलेला शिक्षक, धंदा बुडून गुरं राखायला गेलेला कापडव्यापारी, की जमीनदार.

आता दुरुस्तीचं. जॉन लॉकच्या शासनावरच्या ग्रंथाच्या टिपणात वरच्या चौकटीतच छापलं आहे: १६८८च्या क्रांतीच्या समर्थनार्थ लिहिलेला ग्रंथ. (ही क्रांती म्हणजे जेम्स राजाला घालवून विल्यमला गादीवर आणणारी इंग्लंडमधली उलथापालथ.) हे जुन्या क्रमिक पुस्तकांतलं वाक्य आहे आणि ते टिकत नाही. ग्रंथ छापला १६८९च्या अखेरीस, मुखपृष्ठावर १६९०, प्रस्तावनेत विल्यम राजाचा गौरव, म्हणून तसा समज झाला. पीटर लॅस्लेटने १९६०च्या संपादित आवृत्तीत दाखवलं की बराचसा मजकूर १६७९ ते १६८१च्या पेचप्रसंगातला आहे, जेव्हा कॅथलिक वारसाला गादीपासून दूर ठेवण्याची झटापट चालली होती. नेमकं वर्ष कोणतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण क्रांतीच्या आधीचं हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. फरक किती मोठा पडतो पाहा. १६८९ला लिहिलं असेल तर ते जिंकलेल्या पक्षाचं समर्थनपत्र. १६८१ला लिहिलं असेल तर तो फासाला निमंत्रण देणारा कागद. राजाच्या विरोधातला लेखक अल्जर्नन सिडनी याच्यावरच्या खटल्यात राजद्रोहाला दोन साक्षीदार लागत होते आणि एकच मिळाला, तेव्हा त्याच्या घरी सापडलेलं हस्तलिखितच दुसरा साक्षीदार धरलं गेलं. डिसेंबर १६८३मध्ये त्याचं डोकं उडवलं. लॉक त्याच वर्षी हॉलंडला पळाला. पुढे पुस्तक छापलं तेही निनावी, आणि ते आपलं असल्याचं त्याने कबूल केलं मृत्युपत्रात. चार रकान्यांचा तक्ता बनवणाऱ्या वर्गाने स्वतःच्याच टिपणात ही चूक ठेवू नये. पुढच्या तुकडीपूर्वी ती चौकट बदलावी, एवढी मनापासून विनंती.

दुसरी दुरुस्ती शब्दांची. टिपणांत ‘राज्य’ हा शब्द कुठे राजाच्या मुलखासाठी येतो, कुठे सरकारसाठी, कुठे कायम राहणाऱ्या राज्यसंस्थेसाठी. सरकार पडतं, राज्यसंस्था उरते, हाच ज्या विषयाचा कणा आहे तिथे ही सरमिसळ महागात पडते. वाचताना पेन घेऊन प्रत्येक ‘राज्य’वर म, स किंवा सं लिहीत जावं. दोन पानांत सवय होते. ‘क्रांती’चं मात्र छान समजावतात. आपल्या ज्योतिषातही क्रांतिवृत्त आहे, सूर्याचा फिरून तिथेच येणारा मार्ग, आणि युरोपातही सतराव्या शतकापर्यंत या अर्थाचा शब्द मुख्यतः ग्रहांच्या फेऱ्यासाठी होता. राजकारणात तो जुन्या जागी परतण्यासाठी वापरत. १६८८ला ‘क्रांती’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना जुने हक्क परत मिळाले असंच म्हणायचं होतं. सगळं नवं करणं हा अर्थ १७८९नंतर पक्का झाला.

सहावी बैठक आज्ञापत्राची. सगळ्यांत भरलेली. राज्यकारभारावरचं हे मराठी पुस्तक रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलं १७१५च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी राजांच्या कारकिर्दीत. तिसरा रकाना भरताना हात दुखतो: १६८९ला छत्रपती संभाजी महाराजांची हत्या, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, इकडचा सगळा कारभार हुकूमतपनाह, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून पंतांवर, मग औरंगजेब मरेपर्यंतची धावपळ, आणि शेवटी घरातलीच सातारा-कोल्हापूर फूट. त्या धामधुमीत माणसं टिकवायला वतनं वाटावी लागली, दुसऱ्या बाजूने मोगलही तेच आमिष दाखवत होते. म्हणून ग्रंथात वतनदार हे राज्याचे दायादच (वाटेकरीच), नव्या वतनाला हात आखडा, असा कडक सूर लागतो. ज्याने नाइलाजाने दिलं किंवा देताना पाहिलं, त्याचा हा अनुभव आहे. ‘संपूर्ण राज्याचें सार तें दुर्ग’ हे वाक्यही तसंच वाचायचं. राजधानी गेली, राजा दूर गेला, तरी राज्य किल्ल्यांवर जिवंत राहिलं होतं. व्याख्याते मजकूर घेऊन ओळीओळीने जातात: गडावर आधी पाणी बघा मग बांधा, आरमारासाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नका, कारण ती झाडं लेकरासारखी वाढवलेली असतात.

टोपीकरांवरचा, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांवरचा भाग तर फोंड्यातच वाचावा असा. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरांसिस (फ्रेंच) हे सावकारी करतात पण इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे आहेत, यांना खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये, वखार द्यायचीच तर आत, सखल जागी, पक्कं बांधकाम करू न देता द्यावी. १६८३च्या नोव्हेंबरमध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयचा फोंड्याच्या किल्ल्याला वेढा आणि त्याच महिन्यात संभाजी महाराजांचा जुवे बेटावरचा हल्ला तक्त्यावर मांडला, की ही सूचना सावकारीच्या प्रकरणात का येते ते कळतं. (सिडनीच्या शिरच्छेदाच्या काही आठवडे आधीचं हे. तक्त्याच्या एकाच ओळीत लंडन आणि फोंडा शेजारी बसतात.) इथे शिकवणाऱ्यांचं वाचन आणि जिव्हाळा दोन्ही दिसतात.

सातव्या बैठकीत विसावं शतक कोंबलं आहे. पॉपरने हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्याची बातमी ऐकून मार्च १९३८ला खुल्या समाजावरचा आपला ग्रंथ लिहायचा निर्णय घेतला, आणि तो न्यूझीलंडमध्ये बसून लिहिला. हॅना आरेन्ट १९३३ला जर्मनी सोडून पळाल्या, फ्रान्समध्ये छावणीत डांबल्या गेल्या, १९४१ला न्यूयॉर्कला पोचल्या, आणि नागरिकत्व गेलेल्या माणसाला मानवी हक्क तरी कोण देणार, हा त्यांचा प्रश्न त्यातून आला. गांधींनी ‘हिंद स्वराज्य’ नोव्हेंबर १९०९मध्ये बोटीवर दहा दिवसांत लिहिलं, उजवा हात दुखला की डाव्याने. हे सगळं अडीच तासांत. ऐकायला रंगतदार, हाती थोडं.

आणि आठवी बैठक गोव्याची. मडगावची १८ जून १९४६ची सभा आणि राममनोहर लोहिया तिथे येतात, ते योग्यच. बर्लिनमध्ये शिकताना नाझींचा उदय पाहिलेल्या, लाहोरच्या किल्ल्यात छळ सोसलेल्या माणसाने पुढे गाव, जिल्हा, प्रांत, केंद्र असं चौखांबी राज्य मांडलं, एका खांबावर सगळा भार नको म्हणून. पोर्तुगालचा १९३०चा वसाहत कायदा आणि त्याच वर्षी लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्कासाठी मांडलेला ठरावही येतो. पण एकोणिसावं शतक गायब! गोव्यातल्या वर्गाची ही सगळ्यांत मोठी उणीव. कारण उलथापालथीतून निघालेला एका विचारवंताचा विचार इथे नुसता वाचला गेला नाही, त्याखाली गोवा प्रत्यक्ष नांदला.

तो विचारवंत फ्रान्समधला बेंजामिन कॉन्स्टंट. १९ मार्च १८१५ला त्याने पॅरिसच्या वर्तमानपत्रात नेपोलियनवर आग ओकली. दुसऱ्या दिवशी नेपोलियन शहरात आला. महिन्याभरात त्याच नेपोलियनसाठी कॉन्स्टंट संविधानाचा मसुदा करत होता. याला कोलांटउडी म्हणून सोडून देऊ नये. २५ वर्षांत राजा, लोकसभा, समिती, सम्राट सगळ्यांना बेलगाम होताना पाहिलेल्या माणसाने ठरवलं होतं, की सत्ता कोणाच्या हाती यापेक्षा ती किती आहे हे महत्त्वाचं. त्याच वर्षी छापलेल्या ग्रंथात त्याने कायदेमंडळ, मंत्रिमंडळ, न्यायालय या तिघांच्या भांडणात पंच म्हणून राजाची वेगळी, तटस्थ सत्ता सुचवली. ही कल्पना १८२४ला ब्राझीलच्या संविधानात ‘नियामक सत्ता’ म्हणून गेली आणि १८२६ला ब्राझीलचा सम्राट दों पेद्रूने रिओहून पाठवलेल्या पोर्तुगीज सनदेत, म्हणजे राजाने दिलेल्या संविधानात, उतरली. कॉन्स्टंटने मंत्र्यांपासून वेगळी काढलेली ही सत्ता ब्राझीलमध्ये मात्र कार्यकारी सत्तेसकट एकाच सम्राटाच्या हाती दिली गेली. विचार प्रवासात कसा बदलतो याचं याहून नीट उदाहरण नाही. ती सनद मध्येमध्ये खंडित होत १९१०पर्यंत चालली. गोव्याचे प्रतिनिधी तिच्याखाली लिस्बनच्या संसदेत बसत. नावेलीचे फ्रान्सिश्कू लुईश गोमिश १८६०ला तिथे निवडून गेले ते याच सनदेखाली.

आणि सनदेचा कागद इथे जमिनीला लागला तेव्हा काय झालं, हे १८३५ सांगतं. नेवऱ्याचे बेर्नार्दू पेरिश द सिल्वा, गोमंतकीय डॉक्टर, १८२२ला गोव्यातून निवडलेल्या तीन प्रतिनिधींपैकी एक, पोर्तुगालमधल्या यादवीत उदारमतवादी जिंकल्यावर गोव्याचे प्रीफेक्ट, म्हणजे प्रशासनप्रमुख, म्हणून आले. १४ जानेवारीला पदभार घेतला, १ फेब्रुवारीला लष्करी बंडाने हुसकावले गेले. तीन आठवडेही नाहीत. कागदावर सगळे पोर्तुगीज नागरिक मिळून एक राष्ट्र, आणि छावणीत मात्र इथल्या माणसाचा हुकूम चालेना. पंच व्हायची ती तटस्थ राजसत्ता हजारो मैलांवर होती. एवढ्या एका प्रसंगावर अडीच तास सहज जातील, आणि तेही फोंड्याच्या माणसाला परकं न वाटता.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराचं थोडं. वरचं छप्पर पत्र्याचं आहे, पावसाळ्यातल्या तुकडीत जोराची सर आली की मागच्या चार रांगांना ऐकू येत नाही, म्हणून पुढे बसा किंवा गणेश चवथीनंतरची तुकडी घ्या. पणजीहून कदंब बसने तासभर धरून निघा, दहाला दार लागतं. टिपणांचा संच ६० पानांचा आहे, अक्षर बारीक, समास अरुंद, त्यामुळे वेगळी वही न्या. पहिल्या बैठकीआधी हॉब्सचं तेरावं प्रकरण आणि आज्ञापत्रातलं दुर्गप्रकरण वाचून गेलात तर निम्मं काम होतं. तक्त्याची कोरी प्रत मागितली तर देतात. दोन घ्या, एकीवर युरोप भरा, दुसरीवर १८२०पासूनचा गोवा, आणि दोन्ही कागद एकमेकांखाली चिकटवून तारखा एका रेषेत आणा. दुसरा कागद वर्गात कुणी भरून देणार नाही, तो आठवी बैठक यायच्या आधी स्वतः भरून न्यायचा आणि प्रश्नोत्तरांत टेबलावर ठेवायचा. प्रश्नोत्तरांना अर्धा तास असतो, आणि तो कधी कापत नाहीत.